दुसरी सही

सोमवार, ३ मार्च

मुलीनं सांगितलं, रोज काय झालं ते लिहून ठेव. विक्रीच्या व्यवहारात कोण काय बोललं यावरून पुढं वाद होतात म्हणे. म्हणून ही वही. बावीस वर्षं मी विमानांच्या नोंदी लिहीत आले. कुठल्या विमानाचं काय उघडलं, काय बदललं, कोणी बसवलं, कोणी तपासलं. स्वतःपुरतं काही लिहायची वेळ आली नव्हती.

हे गेले त्याला आज एकेचाळीस दिवस झाले. हॅंगरमधल्या बेसिनशी हात धूत होते, तिथंच खाली बसले. सुतारदादांनी हाक मारली म्हणून मी ऑफिसातून धावत गेले, तेव्हा नळ चालूच होता.

आमचं काम लहान विमानांच्या दुरुस्तीचं. तीन माणसांचा धंदा: हे, सुतारदादा आणि कागदांना मी. सुतारदादा खरे मेकॅनिक. तरुणपणी लाकडी ग्लायडरचे पंख दुरुस्त करायचे, तेव्हा पडलेलं नाव राहिलं. गेल्या वीस वर्षांत त्यांनी रंध्याला हात लावलेला नाही.

विकायचं कारण सरळ आहे. विमानाच्या सुकाणूला किंवा पंखांच्या हलत्या भागांना जोडलेलं काही उघडलं, तर काम एकानं करायचं आणि तपासायचं दुसऱ्यानं, असा नियम आहे. करणारा नट आवळून त्यावर पांढरी रेघ ओढतो. तपासणारा स्वतः बघतो आणि शेजारी लाल रेघ ओढतो. रेघ नटावरून खालच्या पत्र्यावर उतरते, म्हणजे नट जरा जरी फिरला तरी ती तुटलेली दिसते. मग कागदावर दोन सह्या. परवाना दोघांकडेच होता. आता एकच उरला, त्यामुळे मोठं काम घेता येत नाही.

विमानतळाच्या पलीकडच्या टोकाला जी मोठी कंपनी आहे ती घ्यायला तयार आहे. हॅंगर, हत्यारं, विमान वाहतूक खात्याची मान्यता, सुतारदादांची नोकरी आणि दारावरचं ह्यांचं नाव, सगळं आहे तसं ठेवणार आहेत. नाव राहणार म्हणून मी हो म्हटलं.

बुधवार, ५ मार्च

हत्यारांची मोजणी. ह्यांनी भिंतीवर मोठी फळी केली आहे. प्रत्येक हत्यार जिथं टांगायचं तिथं त्याच्याच आकाराचा काळा रंग दिलेला. संध्याकाळी एकही काळा आकार उघडा दिसता कामा नये. दिसला, तर ते हत्यार कुठल्या तरी विमानाच्या पोटात राहिलं असं धरायचं आणि सापडेपर्यंत कोणी घरी जायचं नाही. एकदा एका पेचकसापायी आम्ही भाचीच्या लग्नाला पोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या. पेचकस ह्यांच्याच खिशात निघाला. त्यावरून माहेरची माणसं अजून ह्यांना बोलतात. बोलायची.

ह्यांच्या खणात चार भिंगं सापडली, एकापेक्षा एक मोठी. मी यादीत लिहायला घेतली.

"ती नका घालू, वहिनी," सुतारदादा म्हणाले.

"का? कामाचीच आहेत ना?"

"साहेबांनी स्वतःची आणलेली. घरी न्या तुम्ही."

भिंगांची एवढी हौस त्यांना कधी लागली, कोण जाणे. घरी आणली.

शुक्रवार, ७ मार्च

मुलीचा फोन. "आई, जेवतेस का वेळेवर? का उभ्या उभ्या काहीतरी खातेस?" मी म्हटलं, बसून खाते. ती म्हणाली, "व्यवहार उरकून टाक आणि इकडे ये. एकटीनं काय करणार आहेस तिथं?" व्यवहार उरकायची तिला माझ्यापेक्षा घाई आहे. तिच्या दृष्टीनं तेही बरोबर.

वर्तमानपत्र येतं, घडी न मोडता ठेवून देते. गेलं दीड वर्ष मी ह्यांना रोज सकाळी वाचून दाखवत असे. लग्नाला तेहतीस वर्षं होऊन गेल्यावर एक दिवस एकदम म्हणाले, "तू वाच. तुझ्या आवाजात बातम्या कमी वाईट वाटतात." ह्या वयात माणसाला असं काही सुचतं याचं मला नवल वाटलं होतं. बरंही वाटलं होतं. त्याच सुमारास गाडीही माझ्या हाती दिली. म्हणाले, रस्त्यावरच्या लोकांना हल्ली अक्कल राहिली नाही, माझं डोकं फिरतं.

एक मात्र खटकायचं. बोलताना माझ्याकडे सरळ बघत नसत, जरा बाजूला, माझ्या कानाकडे बघितल्यासारखं बघत. मला वाटे काहीतरी मनात आहे. मी विचारलं नाही. आमच्यात विचारायची पद्धत नव्हती. ज्याला सांगायचं तो सांगेल, असं चाललं.

सोमवार, १० मार्च

कंपनीच्या तपासनीस बाई आल्या. वयानं आमच्या मुलीएवढ्या, बोलणं मोजकं. दिवसभर कपाटातल्या वह्या काढून बघत होत्या. मी पलीकडच्या टेबलाशी बसून होते. स्वतःच्या अक्षरातली बावीस वर्षं परक्या माणसाला वाचताना बघणं अवघड जातं.

दुपारी मास्तर डोकावले. विमानतळावरच्या उड्डाणशाळेत ते शिकवतात, शाळेची दोन्ही विमानं आमच्याकडे येतात. बाईंना बघून म्हणाले, "नीट बघून घ्या हो. इथं धूळसुद्धा सही केल्याशिवाय बसत नाही."

बाई हसल्या नाहीत. पण जाताना म्हणाल्या, "एवढ्या स्वच्छ नोंदी मी अजून कुठं पाहिल्या नव्हत्या." मला ते ह्यांना सांगावंसं वाटलं. घरी येईपर्यंत वाटत होतं.

मंगळवार, ११ मार्च

बाईंचा निरोप. सगळं ठीक, एकच कागद कमी. तपासणाऱ्याची दरवर्षी डोळ्यांची चाचणी व्हावी लागते. आमच्या फॉर्मवर ती लिहिलेली आहे, पण सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी. सुतारदादांची आहे. ह्यांची गेल्या वर्षीची नाही.

मला तो दिवस आठवतो. मी फॉर्म घेऊन गेले, हे पंखाखाली आडवे पडून काम करत होते. म्हणाले, "गेल्या सालचंच उतरव. चिठ्ठी देतो आणून." मी उतरवलं. जवळची नजर: योग्य. चिठ्ठीचं मग राहून गेलं. दुसऱ्या कोणाचा फॉर्म असता तर मी चिठ्ठीशिवाय हात लावला नसता.

डॉक्टरांकडून दुसरी प्रत आणावी.

गुरुवार, १३ मार्च

डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. खिडकीतल्या बाईंनी दोन वह्या चाळल्या. म्हणाल्या, "ते आलेच नाहीत हो. मागच्या वर्षी आम्ही दोनदा फोनसुद्धा केला होता. म्हणाले, दुसरीकडे दाखवलंय."

दुसरीकडे कुठं? इथं दुसरा डोळ्यांचा डॉक्टर नाही.

घरी येऊन चारही भिंगं टेबलावर मांडली. सगळ्यांत मोठ्या भिंगातून माझ्या अंगठ्याची एकच रेषा काचभर दिसते. एवढं मोठं भिंग कशाला लागतं?

लिहिताना थांबले आहे. उद्या हॅंगरवर जाऊन बघते.

शुक्रवार, १४ मार्च

मागच्या कोपऱ्यात एक दोन आसनी विमान उभं आहे. ह्यांनी तपासलेलं शेवटचं. मालक परगावी असल्यामुळे राहिलं आहे, अजून उडालेलं नाही. टॉर्च घेतला आणि शेपटाखाली वाकले. झाकण उघडंच होतं. आत चार नट. चारांवर पांढऱ्या रेघा, पट्टी धरून ओढाव्यात तशा. लाल रेघाही चार होत्या. एक नटाच्या कडेला घासून गेली होती. बाकीच्या तीन बोटभर अंतरावर, नुसत्या पत्र्यावर होत्या. हात थरथरला असं म्हणायलाही जागा नाही. सरळ, ठाम रेघा होत्या.

सुतारदादा मागं येऊन उभे राहिले होते.

"पुसायच्या राहिल्यात," ते म्हणाले. मग म्हणाले, "राहिल्यात कसल्या. हात होईना, वहिनी. शेवटच्या म्हणून."

"बाकीच्या पुसल्यात?"

त्यांनी माझ्या हातातला टॉर्च घेऊन बंद केला.

"किती दिवस चाललं होतं हे?"

"अकरा महिने. मोठी कामं चौदा."

मी खाली फरशीवरच बसले. तेही जरा अंतर ठेवून बसले. मग एकेक सांगितलं. हे तपासून, रेघा ओढून, सही करून घरी निघाले की सुतारदादा थिनरनं त्या रेघा पुसायचे आणि स्वतः पुन्हा बघून नीट लाल रेघ ओढायचे.

"मी दोनदा बघत होतो, वहिनी. एकदा माझ्यासाठी, एकदा साहेबांसाठी. हयगय केली नाही."

"दोन्ही वेळा डोळे तुमचेच ना, दादा."

"हो."

"त्यांना ठाऊक होतं, तुम्ही पुसता ते?"

"सकाळी आले की विचारायचे, 'झालं का रे नीट?' मी म्हणायचो, झालं. त्याच्या पलीकडं आम्ही कधी बोललो नाही."

शनिवार, १५ मार्च

पडदे धुतले.

रविवार, १६ मार्च

मुलीला फोन केला. म्हटलं, "बाबांचं तुला ठाऊक होतं का?"

तिनं तिकडे दार लावून घेतलेलं ऐकू आलं. मग म्हणाली, "डोळ्यांचं?"

मी डोळ्यांचं नाव काढलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी हे तिच्याकडे चार दिवस राहायला गेले होते, तेव्हा तिनं तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. चालता येतं, पायऱ्या उतरता येतात, माणूस आवाजावरून ओळखता येतो. बारीक काही दिसत नाही. वाढत जाणार, बरं होणार नाही.

"मग मला का नाही सांगितलं?"

"बाबा म्हणाले, आईला सांगितलं तर ती लिहून ठेवील."

हे कौतुक की तक्रार, मला ठरवता येत नाही. ती रडत होती, म्हणून मीच तिला गप्प केलं. "वर्षअखेर काम सोडतो म्हणाले होते गं. मी रोज विचारायचे, सांगितलंत का आईला? रोज म्हणायचे, उद्या."

माझ्या नवऱ्याला समोरचं दिसत नव्हतं आणि मी रोज समोर बसून वर्तमानपत्र वाचत होते.

मंगळवार, १८ मार्च

चौदा कामांचे कागद वेगळे काढले. नऊ विमानं. प्रत्येक कागदावर दोन सह्या आहेत आणि ह्यांची सही कुठंही वाकडी नाही. सही करायला दिसावं लागत नाही, एवढं आज कळलं.

मग उड्डाणांच्या वह्या काढल्या. मोठ्या कामानंतर विमान पहिल्यांदा वर जाईल तेव्हा तपासणाऱ्यानं वैमानिकाशेजारी बसायचं, ही ह्यांची पद्धत. खात्याचा नियम तसा नाही. तेरा कामांनंतर विमान उडालं, चौदाव्या कामाचं कोपऱ्यात आहे. तेराही वेळा शेजारी हे बसलेले आहेत. तेरा वेळा, न पाहिलेल्या नटांवर. सुतारदादांवर त्यांचा एवढा भरवसा होता.

आधी मला ते वाचून बरं वाटलं. लबाडी करणारा माणूस स्वतः त्यात बसत नाही. पण दुपारनंतर वाटायला लागलं, हे स्वतःच्या मर्जीनं बसले. मास्तरांच्या शाळेतल्या पोरांना कोणी विचारलं?

शुक्रवार, २१ मार्च

सोमवारी कंपनीला एक कागद सही करून द्यायचा आहे. मजकूर तीन ओळींचा. माझ्या माहितीप्रमाणे नोंदवलेली प्रत्येक तपासणी प्रत्यक्ष झालेली आहे. चिठ्ठीची अट बाईंनी सोडून दिली. म्हणाल्या, माणूस हयात नाही, तुमच्या शब्दावर चालेल. दहा तारखेला हा कागद आला असता तर मी खऱ्या मनानं सही केली असती.

मला सही करायची आहे. हे इथं लिहून ठेवते, कारण पुढं कधी मी सांगेन की माझ्या मनात तसं काही आलंच नव्हतं. कारणं पुष्कळ आहेत. सुतारदादांचं काम चोख असतं. कंपनी आली की वार्षिक तपासणीत सप्टेंबरपर्यंत नऊही विमानं उघडली जातीलच. आजवर कुणाला काही झालेलं नाही. अकरा महिन्यांत झालं नाही, तर पुढच्या सहांत कशाला होईल? ह्यांनी तीस वर्षांत उभं केलेलं नाव एका कागदानं जाईल. शिवाय खरं सांगितलं तर ते काही परत येणार नाहीत.

सुतारदादांना विचारलं. ते फळीवरचे पाने पुसत होते. पुसायची गरज नव्हती.

"तुम्ही सही केलीत तर माझी नोकरी राहते, साहेबांचं नाव राहतं. नाही केलीत तर दोन्ही जातं. परवानाही जाईल माझा. मी काय सांगणार, वहिनी? मी एका बाजूचा माणूस आहे."

"तुमच्या कामाची तुम्हाला खात्री आहे ना?"

"आहे." आणि थोड्या वेळानं, "तीस वर्षं साहेब माझ्या मागून बघायचे. वर्षातून एखादं काहीतरी सापडायचंच त्यांना. सापडलं की शिट्टी वाजवायचे, बोलायचे नाहीत. शेवटच्या अकरा महिन्यांत एकदाही शिट्टी वाजली नाही."

ते एवढंच म्हणाले आणि पुढचा पाना घेतला. घरी येऊन मी हिशेब केला. वर्षाला एक.

सोमवार, २४ मार्च

सकाळी आधी टपालात जाऊन खात्याला पत्र टाकलं. चौदा कामांची यादी, नऊ विमानांचे नंबर, आणि दुसरी तपासणी झालेली नाही हे वाक्य. सुतारदादांना वाचून दाखवलं होतं. त्यांनी मान हलवली. पत्र आधी टाकलं, कारण कंपनीच्या ऑफिसात माझं मन फिरलं असतं.

तपासनीस बाईंनी कागद पुढं केला, वर पेन ठेवलं. मी त्यांना सगळं सांगितलं. माझ्या फॉर्मचंही सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"हे तुम्ही मला का सांगताय? मला सापडलं नव्हतं."

"सापडलं नसतंच. नोंदी स्वच्छ आहेत."

बाईंनी कागद परत फाइलमध्ये ठेवला. मग म्हणाल्या, "वर कळवावं लागेल मला."

"कळवा."

दारापर्यंत सोडायला आल्या. तिथं म्हणाल्या, "माझे वडील हल्ली फोनवर मेसेज वाचत नाहीत. मला म्हणतात, बोलूनच सांग." मी म्हटलं, दाखवून घ्या.

मंगळवार, २५ मार्च

दिवसभर मालकांना फोन. विमान उडवू नका, फेरतपासणी होईपर्यंत. एकानं शिव्या दिल्या. एकानं फोन ठेवून दिला आणि पुन्हा केला. कोपऱ्यातल्या विमानाचा मालक म्हणाला, "साहेबांनी तपासलंय ना, मग कशाला?" त्याला समजावणं सगळ्यांत जड गेलं.

मास्तरांकडे स्वतः गेले. शाळेच्या ओट्यावर दोन मुलं टोप्या घालून थांबली होती, त्यांची पाळी होती. मास्तरांनी ऐकलं, मुलांना म्हणाले, "आज सुट्टी. घरी जा." ती गेल्यावर माझ्याकडे वळले.

"आज सकाळी एक फेरी झाली आहे, बाई. एकोणीस वर्षांची पोर होती. एकटी."

मी त्यांच्या वहीत त्या फेरीची वेळ बघितली.

"साहेबांबरोबर मी वीस वर्षं चहा प्यायलो. गेल्या वर्षी एकदा साखरदाणी समोर असून मला म्हणाले, साखर दे रे. मी म्हटलं, हात मोडलेत का? हसले." ते थांबले. "उद्या आणतो दोन्ही. उडवत नाही, ओढत आणतो."

सोमवार, ३१ मार्च

कंपनीचं उत्तर आलं. फक्त हॅंगर आणि हत्यारं घेतील. मान्यता नको, जुन्या नोंदी नकोत, नाव नको. किंमत अर्थातच खाली आली. फेरतपासणी आमच्या जबाबदारीवर, हॅंगर त्यांच्या ताब्यात जायच्या आत. सुतारदादांविषयी एक ओळ: खात्याचा निर्णय झाल्यावर विचार करू.

मी हो कळवलं. मुलगी म्हणाली, "आई, बाबांचं नाव गं." मी म्हटलं, "ते तू मला तेव्हा सांगायला हवं होतंस." बोलल्यावर वाईट वाटलं. पण मागं घेतलं नाही. मग ती म्हणाली, रजा टाकून येते, तुझ्या मदतीला. मी ये म्हटलं.

गुरुवार, ३ एप्रिल

खात्यानं पाठवलेले निवृत्त निरीक्षक आले आहेत. वय सत्तरीच्या पुढं, गळ्यात दोन चष्मे, एक लांबचा, एक जवळचा. आल्या आल्या आपल्या डोळ्यांच्या चाचणीची चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली, मी न मागता. मी ती नोंदवून घेतली.

आज चार विमानं झाली. सगळी बरोबर. प्रत्येक झाकण बंद झालं की सुतारदादा बाहेर जाऊन पाणी पिऊन येत.

मंगळवार, ८ एप्रिल

काल तीन झाली. आज शेवटची दोन, मास्तरांची. मुलगी कालच आली आहे. ती माझ्याजवळ उभी राहून कागद देत होती.

पहिलं बरोबर निघालं. दुसऱ्याच्या शेपटात निरीक्षक बराच वेळ वाकून होते. मग त्यांनी सुतारदादांना बोलावलं आणि टॉर्च त्यांच्या हातात दिला.

नट सुटू नये म्हणून त्याला एक बारीक तार बांधतात. ती नटाला आवळण्याच्या दिशेनं ओढून धरते. ही तार उलट्या बाजूनं बांधलेली होती, सैल होण्याच्या दिशेनं. नट केसभर फिरला होता. पांढरी रेघ तुटली होती. शेजारची लालही, त्याच जागी.

सुतारदादा टॉर्च धरून तसेच राहिले. "हे मी दोनदा बघितलंय," ते म्हणाले. कोणाला उद्देशून नाही.

मास्तरांनी वहीत बघितलं. "चाळीस तास उडालंय." मग ते बाहेर जाऊन आपल्या विमानांकडे पाठ करून उभे राहिले. मुलीनं माझा दंड धरला होता.

निरीक्षकांनी सुतारदादांनाच तार काढून नवी बांधायला लावली. त्यांनी बांधली, पांढरी रेघ ओढली आणि ते बाजूला झाले. हात पाठीमागं घेतले. निरीक्षकांनी जवळचा चष्मा लावला, बोट फिरवलं, आरसा घालून मागची बाजू बघितली, आणि लाल रेघ ओढली. खरोखर दुसऱ्या माणसानं बघून ओढलेली.

मग ते कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. फेरतपासणीचं कारण, असा एक रकाना आहे. म्हणाले, "आठ विमानांना मी 'नोंदीतली त्रुटी' लिहिलंय. इथंही तेच लिहू. वर कोणी खोदून विचारत नाही. गेलेल्या माणसाला कशाला मध्ये आणायचं?"

चांगल्या मनानं म्हणत होते. मुलगी माझ्याकडे बघत होती.

"नोंदीत त्रुटी नव्हती," मी म्हटलं. "तपासणाऱ्याला दिसत नव्हतं, असं लिहा." हे मी मोठ्यानं पहिल्यांदाच बोलले.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं.

सुतारदादा विमानापाशीच होते. तिथूनच म्हणाले, "करणाऱ्यानं सांगितलं नाही, तेही लिहा."

ते लिहून होईपर्यंत मी थांबले. "आणि नोंद ठेवणारीनं विचारलं नाही."

"बाई," निरीक्षक म्हणाले, "रकाना दोन ओळींचा आहे."

मी म्हटलं, "मागची बाजू कोरी आहे."

त्यांनी कागद उलटला.